गजर झाला, दिवे गेले, दूध नासलं... सगळीकडे 'गो ऑफ'!

दोस्तांनो, आधी ही सात इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचा. शेजारी त्यांचा मराठी अर्थ दिला आहे.

1. द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स. – सहा वाजता गजर झाला.
2. द लाइट्स वेंट ऑफ. – दिवे गेले.
3. द मिल्क वेंट ऑफ. – दूध नासलं.
4. द फायरक्रॅकर वेंट ऑफ. – फटाका उडाला.
5. ही वेंट ऑफ टू स्कूल. – तो शाळेला निघून गेला.
6. आय वेंट ऑफ कॉफी. – कॉफीवरचं माझं मन उडालं.
7. द शो वेंट ऑफ वेल. – कार्यक्रम छान पार पडला.

आता इंग्रजी वाक्यं हाताने झाका आणि फक्त मराठी अर्थ वाचा. गजराचा दुधाशी काय संबंध? फटाक्याचा कॉफीशी? पहिली दोन वाक्यं तर एकमेकांच्या अगदी विरुद्ध दिसतात. गजर 'वेंट ऑफ' म्हणजे तो सुरू झाला आणि दिवे 'वेंट ऑफ' म्हणजे ते बंद झाले! शब्द तेच दोन, आणि अर्थ असे सात दिशांना.

अशा वेळी बरेच जण सरळ पाठांतराला लागतात. 'गो ऑफ'चे सात अर्थ, 'टेक ऑफ'चे सहा, 'पुट अप'चे पाच... वही भरते, पण परीक्षेनंतर आठवड्यात सगळं विसरायला होतं. आपण दुसरा रस्ता धरू. या सात अर्थांना एकत्र बांधणारा एखादा धागा आहे का, ते शोधू. आणि गंमत अशी की हा धागा शोधायला लागणारं सगळ्यात चांगलं साधन तुमच्याकडे आधीपासून आहे. ते म्हणजे तुमची मराठी!

दोन शब्दांची जोडी

'गो' म्हणजे जाणे. 'ऑफ' हा एक इटुकला शब्द. दोन्ही एकत्र आले की त्यांचं मिळून एक नवं क्रियापद तयार होतं. अशा जोडीला इंग्रजीत 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. जोडीतला पहिला शब्द बहुधा अगदी साधा, रोजच्या वापरातला असतो: गो, कम, टेक, पुट, गेट, टर्न, लुक. दुसराही तसाच छोटा: अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ. पण जोडी जमली की अर्थ असा पालटतो की नुसतं 'गो' आणि नुसतं 'ऑफ' माहीत असून भागत नाही.

हे कोडं आजचं नाही. लंडनमध्ये सॅम्युएल जॉन्सन नावाचे एक मोठे विद्वान होते. त्यांनी कित्येक वर्षं खपून इंग्रजीचा दोन खंडांचा शब्दकोश तयार केला. तो 1755 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं की अशा जोड्यांची क्रियापदं परक्या माणसाला सगळ्यात अवघड जातात, म्हणून आपण त्यांची खास काळजी घेतली आहे. पुढे 1925 मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने शब्दांवरच्या आपल्या पुस्तकात 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव वापरलं. हे नाव त्यांना सुचवलं होतं हेन्री ब्रॅडली यांनी. ऑक्सफर्डचा तो प्रचंड मोठा इंग्रजी शब्दकोश आहे ना, त्याच्या संपादकांपैकी ते एक. म्हणजे जोड्या शेकडो वर्षं जुन्या आणि त्यांचं हे नाव मात्र जेमतेम शंभर वर्षांचं!

घड्याळाच्या पोटात डोकावू

शोध सुरू करायचा तर सगळ्यात विचित्र वाक्यापासून करावा. गजर 'ऑफ' कसा होतो?

मोबाइल येण्याआधी घरोघरी चावीचं गजराचं घड्याळ असायचं. डोक्यावर पितळी घंटा आणि मागच्या बाजूला दोन चाव्या, एक वेळेची आणि एक गजराची. गजराची चावी पिळली की आतली स्प्रिंग घट्ट गुंडाळली जाते. ती उलगडायला अगदी उतावीळ असते. तिला मोकळं सोडलं तर ती लगेच छोट्या हातोडीला गदागदा हलवून घंटा बडवू लागेल. पण तसं होत नाही, कारण एक तरफ हातोडीला अडवून धरते. घड्याळात एक चाक हळूहळू फिरत असतं आणि त्यावर एक खाच असते. तुम्ही लावलेली वेळ झाली की ही खाच नेमक्या जागी येते, तरफ सरकते आणि हातोडीवरची पकड सुटते. मग काय, ट्रिंगगगग!

म्हणजे गजर होतो तेव्हा आत खरोखर काय घडतं? अडवून धरलेलं काहीतरी सुटतं.

आता फटाक्याकडे या, किंवा बंदुकीकडे. इंग्रजीत बंदूकही 'गोज ऑफ'. आत दारू ठासून भरलेली असते, गोळी नळीत बसलेली असते. चाप ओढला, की गोळी सुटली! मराठीत आपण अगदी असंच म्हणतो, नाही का? 'गोळी सुटली.' इंग्रजी माणूस शेकडो वर्षं बंदुकीबद्दल 'वेंट ऑफ' म्हणत आला आहे. दाबून ठेवलेली ताकद एकदम मोकळी झाली की ती 'ऑफ' गेली. बंदूक, फटाका, बॉम्ब, गजर, चोर पकडणारा भोंगा, ही सगळी एकाच कुटुंबातली मंडळी. आधी सगळं अडलेलं असतं आणि एका क्षणी मोकळं होतं.

आजच्या मोबाइलमध्ये ना स्प्रिंग आहे ना हातोडी. तरी इंग्रजीत मोबाइलचा गजर 'गोज ऑफ'च. यंत्र बदललं, शब्द मात्र तोच राहिला.

'ऑफ' म्हणजे दूर

एक कोडं सुटलं. आता बाकीची वाक्यं घेऊ, आणि त्यासाठी त्या छोट्या 'ऑफ'ला जरा जवळून बघू.

क्रिकेट खेळता ना? मैदानाच्या एका बाजूला 'लेग' म्हणतात, कारण उभं राहिल्यावर फलंदाजाचे पाय त्या बाजूला असतात. दुसरी बाजू 'ऑफ', म्हणजे पायांपासून दूरची. 'ऑफ स्टंप' म्हणजे पायांपासून दूरचा स्टंप. 'ऑफ'चा मूळ भाव हाच: लांब, अलग, पूर्वीच्या जागेपासून सुटलेलं.

हा भाव मनात धरून वाक्यं पुन्हा वाचा.

'ही वेंट ऑफ टू स्कूल.' तो घरापासून दूर गेला, निघाला. हे तर सगळ्यात सोपं.

'द लाइट्स वेंट ऑफ.' दिवे जळत होते. त्या जळण्याच्या स्थितीपासून ते दूर गेले. मराठीत आपणही म्हणतो, 'लाइट गेली.' खरं तर दिवा भिंतीवर आहे तिथेच असतो, तो कुठेही गेलेला नसतो. गेलेली असते ती त्याची स्थिती.

'द मिल्क वेंट ऑफ.' दुधाचं चांगलेपण गेलं. दुधात जिवाणू वाढतात आणि दुधातल्या साखरेचं आम्ल बनवतात. आम्ल वाढलं की केसीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं होतं. दूध पातेल्यातच असतं, पण ते पूर्वीसारखं राहिलेलं नसतं. इंग्लंडमध्ये दूध, मासे, मटण असं काहीही खराब झालं की 'इट हॅज गॉन ऑफ' म्हणतात. अमेरिकेत मात्र 'वेंट बॅड' हे जास्त ऐकू येतं.

'आय वेंट ऑफ कॉफी.' इथे दूर गेलं ते आपलं मन. ही बोलण्याची पद्धतही मुख्यतः इंग्लंडची.

राहिलं सातवं वाक्य, 'द शो वेंट ऑफ वेल.' इथे आपला धागा जरा बारीक होतो. ओढूनताणून तो जाड करायला नको. जुन्या भाषांमध्ये काही अर्थ हळूहळू इतके पुढे सरकतात की मूळ जागा पुसट दिसू लागते. असे एक-दोन अर्थ लक्षात ठेवावे लागले तर चालतं. सातही पाठ करण्यापेक्षा ते कितीतरी हलकं!

आणखी एक अर्थ सांगतो. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाच्या शेवटी लढाई संपते आणि कोण वाचलं, कोण नाही याचा हिशेब सुरू होतो. तिथे एक म्हातारा सेनापती 'गो ऑफ' हे शब्द 'मरण पावणे' या अर्थाने वापरतो. आज इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही. पण मराठीत? 'त्यांचे आजोबा गेले,' असं आपण आजही हळू आवाजात म्हणतो. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या रंगमंचावर जो विचार झाला, तोच आपल्या घरातही बोलला जातो.

आपला 'सुटणे' काही कमी नाही

इंग्रजीला एकाच क्रियापदाचे इतके अर्थ कशाला लागतात, असं वाटत असेल, तर हे वाचा:

शाळा सुटली. गाठ सुटली. वारा सुटला. घाम सुटला. गणित सुटलं. खमंग वास सुटला. तोंडाला पाणी सुटलं. हातातून कप सुटला. नखं खायची सवय सुटली. काकांचं पोट सुटलं!

दहा वाक्यं, दहा अर्थ. मराठी शिकणारा एखादा जर्मन किंवा जपानी मुलगा ही यादी बघून डोक्याला हात लावेल. पोट सुटलं म्हणजे ते कुठे पळून गेलं का, असं विचारेल. तुम्हाला मात्र एकदाही अडखळायला होत नाही. कोणी ही यादी तुमच्याकडून पाठ करून घेतली होती का? नाही. तुम्ही ही वाक्यं ऐकत ऐकत वाढलात, आणि 'अडलेलं काहीतरी मोकळं झालं' हा भाव नकळत मनात बसला.

आणि ही गंमत बघा. स्थानकावर घोषणा होते, 'पुण्याला जाणारी गाडी सुटली.' म्हणजे गाडी निघाली. मग धापा टाकत आलेली आत्या म्हणते, 'अगं बाई, माझी गाडी सुटली!' म्हणजे गाडी चुकली. गाडी तीच, क्रियापद तेच. गाडीच्या बाजूने पाहिलं तर ते निघणं, आणि आत्याच्या बाजूने पाहिलं तर हुकणं. गजर आणि दिवे या दोघांना एकच 'वेंट ऑफ' कसं चालतं, याचं नवल आता जरा कमी वाटतंय ना? गजराच्या बाबतीत अडवणूक संपली, दिव्यांच्या बाबतीत उजेड संपला. काहीतरी सुटलं हे दोन्हीकडे खरं आहे. नेमकं काय सुटलं ते बघायचं.

'ऑफ'चा मराठी नातेवाईक

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग सांगतो.

'अपहरण' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. अपहरण म्हणजे पळवून दूर नेणं. त्यातलं 'हरण' म्हणजे नेणं आणि 'अप' म्हणजे दूर. अपयश, अपमान, अपशब्द या शब्दांतही हाच 'अप' आहे. चांगल्यापासून दूर सरकलेलं काहीतरी तो दाखवतो. व्याकरणाच्या तासाला याला आपण उपसर्ग म्हणतो.

हा 'अप' आणि इंग्रजीतला 'ऑफ' एकाच मूळ शब्दापासून आलेले आहेत. अगदी खरं! लांबचे का होईना, पण सख्ख्या वंशातले नातेवाईक.

ही नाती उलगडायला सुरुवात झाली तीही भारतातच. विल्यम जोन्स हे कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. तिथे ते संस्कृत शिकले. 1786 साली एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात त्यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने आलेलं असूच शकत नाही, या भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात. हिमगौरीची गोष्ट गोळा करणारे ग्रिम बंधू तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्यातले याकोब ग्रिम भाषेचेही अभ्यासक होते. त्यांनी 1822 मध्ये दाखवलं की शब्द बदलतात तेही नियमाने. संस्कृतात जिथे 'प' असतो, तिथे इंग्रजीत अनेकदा 'फ'सारखा आवाज येतो. पितृ आणि फादर. पाद आणि फुट. पंच आणि फाइव्ह. पूर्ण आणि फुल. 'अप' ते 'ऑफ' या प्रवासात थोडी जास्त वळणं आहेत, पण मूळ गाव तेच.

मधले नातेवाईकही भेटतात. ग्रीकमध्ये 'अपो', लॅटिनमध्ये 'अब'. जर्मनमध्ये लिहितात वेगळं, पण उच्चार जवळजवळ 'अप' असाच! जर्मनीतल्या रेल्वे स्थानकावर गाड्या सुटण्याच्या वेळांचा फलक असतो. त्यावर 'अपफार्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे 'सुटणं'. आणि 'गाडी सुटते' हे जर्मनमध्ये सांगताना हा 'अप' क्रियापदापासून अलग होतो आणि वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसतो: 'देर त्सूग फेर्ट अप.' इंग्रजीतला 'ऑफ'सुद्धा क्रियापदाच्या मागे असाच उभा राहतो.

आपल्याकडे उपसर्ग पुढे चिकटतो. 'हार'ला 'प्र' लावला की प्रहार, 'आ' लावला की आहार, 'वि' लावला की विहार, 'सं' लावला की संहार. एका तुकड्याने मारणं, खाणं, फिरणं आणि नाश करणं इतका फरक पडतो. फार फार पूर्वी, वेदांच्या संस्कृतात, हे उपसर्ग क्रियापदाला चिकटलेले असायलाच हवेत असं नव्हतं. ते मोकळे राहत आणि अधूनमधून क्रियापदापासून दोन-चार शब्द लांबही बसत. इंग्रजीतही जुन्या काळी असे तुकडे बऱ्याचदा क्रियापदाच्या पुढे असत, नंतर ते मागे गेले. पुढे असण्याचा नमुना तुमच्या घरात रोज ऐकू येतो: 'इनकम'. आत येणारे पैसे, म्हणजे 'कम इन' हीच जोडी, फक्त उलटी! 'आउटपुट' आणि 'इनपुट'ही तसेच.

आणि 'गो'चं भूतकाळी रूप 'वेंट' कुठून आलं? दोघांत एकही अक्षर सारखं नाही. कारण 'वेंट' मुळात दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे. 'सेंड–सेंट', 'बेंड–बेंट' तसं 'वेंड–वेंट'. 'वेंड' म्हणजे वळणे, वाट धरणे. 'गो'ने त्याचा भूतकाळ आपलासा करून टाकला. असं कुठे असतं का, असं म्हणायच्या आधी मराठीत बघा: जातो, जाईल, पण गेला! 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूपासून आणि 'गेला' आला 'गम्' धातूच्या 'गत'पासून. जाण्याच्या बाबतीत मराठीने आणि इंग्रजीने, एकमेकींना न विचारता, सारखीच युक्ती केली.

डोक्यात निवड कशी होते?

धागा मिळाला, तरी एक प्रश्न उरतो. 'वेंट ऑफ' कानावर पडलं की सात अर्थांतून एक अर्थ डोकं इतक्या झटकन कसा निवडतं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी 1979 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात घेतलेला एक शब्द होता 'बग'. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून बोलणं ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्र म्हणजेही 'बग'. लोकांना कानाने एक मजकूर ऐकवला. त्यात कोळी, झुरळं असे शब्द आधीच येत होते, म्हणजे इथला 'बग' हा किडाच हे स्पष्ट होतं. त्याच वेळी समोरच्या पडद्यावर एक शब्द चमकवला जाई आणि तो खरा शब्द आहे की नुसती जुळवलेली अक्षरं, हे लोकांनी झटपट सांगायचं होतं.

'बग' ऐकता क्षणी पडद्यावर 'मुंगी' या अर्थाचा शब्द आला तर लोक तो लवकर ओळखत. त्यात नवल नाही. पण 'हेर' या अर्थाचा शब्द आला तर तोही ते लवकर ओळखत! म्हणजे गरज नसलेला अर्थही डोक्यात जागा झाला होता. मग तोच शब्द जरा उशिरा, तीन अक्षरं उच्चारायला लागतात तेवढ्या वेळाने दाखवला. आता फक्त 'मुंगी' लवकर ओळखता येत होती. 'हेर' मावळला होता.

म्हणजे शब्द ऐकला की निरनिराळे अर्थ हात वर करतात, आणि आजूबाजूचे शब्द पाहून डोकं एकाला उभं करतं आणि बाकीच्यांना खाली बसवतं. हे सगळं इतक्या लवकर होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता वाक्य तुम्ही बनवायचं

यातून वाक्य बनवणाऱ्यासाठी एक कामाची गोष्ट निघते. तुमच्या वाक्यात आजूबाजूचे शब्द असे हवेत की ऐकणाऱ्याचं डोकं बरोबर अर्थ निवडेल. 'इट वेंट ऑफ' एवढंच लिहिलं तर गजर, दूध की दिवा, कोणाला कळणार? 'द मिल्क वेंट ऑफ बिकॉज वुई लेफ्ट इट आउट ऑफ द फ्रिज' असं लिहिलं की शंका उरत नाही. दूध फ्रिजबाहेर राहिलं म्हणून नासलं. 'गो ऑफ'चा अर्थ लावताना पहिल्यांदा बघायचं, काय 'ऑफ' गेलं?

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. 'हिज फोन वेंट ऑफ इन द क्लास.' याचा अर्थ त्याचा फोन बंद पडला असा नाही, तर भर वर्गात वाजला! आवाज करून इशारा देणाऱ्या वस्तू 'गो ऑफ' झाल्या की वाजतात. उजेड देणाऱ्या वस्तू 'गो ऑफ' झाल्या की विझतात.

दुसरी गोष्ट. 'गो ऑफ' आपलं आपण घडतं. दिवा विझला तर 'वेंट ऑफ'. कोणी तो विझवला तर 'टर्न ऑफ' लागतं. फटाका उडाला तर 'वेंट ऑफ'. मुलांनी तो उडवला तर 'सेट ऑफ': 'द चिल्ड्रन सेट ऑफ अ फायरक्रॅकर, अँड इट वेंट ऑफ विथ अ बँग.' मराठीतल्या विझणे–विझवणे, उडणे–उडवणे या जोड्या आठवल्या की चूक होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एक छोटी परीक्षा. ही दोन वाक्यं घ्या: 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न ऑफ द रोड'. पहिलं म्हणजे दिवा बंद कर. दुसरं म्हणजे या रस्त्यावरून वळून बाजूला जा. दिसायला जुळी! आता 'ऑफ'ला उचलून शेवटी ठेवा. 'टर्न द लाइट ऑफ' हे छान चालतं. 'टर्न द रोड ऑफ'? रस्ता कसा बंद करणार! म्हणजे पहिल्या वाक्यात 'ऑफ'ची मैत्री 'टर्न'शी आहे, म्हणून तो सुटून शेवटी गेला तरी जोडी टिकते. दुसऱ्यात तो 'रोड'चा सोबती आहे, म्हणून 'रोड'च्या आधी जिथे असतो तिथून हलत नाही. नुसता एक शब्द सरकवून वाक्याची आतली बांधणी दिसली. भाषेच्या प्रयोगशाळेला काचेच्या नळ्या लागत नाहीत!

करून पाहा

1. मराठी क्रियापद 'लागणे' घ्या. भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, आग लागली... अशी किमान पंधरा वाक्यं घरातल्या सगळ्यांकडून गोळा करा. मग त्यांना बांधणारा धागा काय असेल, ते एका वाक्यात लिहा. वाद झाला तर उत्तमच.

2. 'टेक ऑफ' घ्या. 'द प्लेन टुक ऑफ', 'टेक ऑफ युअर शूज', 'शी टुक अ डे ऑफ'. विमान उडालं, बूट काढ, तिने एक दिवस सुट्टी घेतली. तिन्हीत काय कशापासून दूर झालं? आणि लांब उडीच्या मैदानावर जी पांढरी फळी असते, तिला 'टेक-ऑफ बोर्ड' का म्हणत असतील?

3. 'सेंड ऑफ', 'स्विच ऑफ', 'पे ऑफ', 'शो ऑफ' या जोड्या शब्दकोशात पाहा. पण पाहण्याआधी तुमचा अंदाज लिहून ठेवा. जिथे अंदाज बरोबर येईल तिथे धागा तुम्ही स्वतः पकडला. जिथे चुकेल तिथे हा शब्द कुठून कसा फिरत आला असेल, हे शोधायला एक नवी गोष्ट मिळाली.

अशी एक वहीच करा. डाव्या पानावर इंग्रजी जोडी आणि तुम्ही बनवलेली वाक्यं, उजव्या पानावर त्याच चालीचं मराठी क्रियापद. डाव्या पानावरची भाषा कळायला उजवं पान मदत करेल. आणि थोड्या दिवसांनी जाणवेल की डाव्या पानामुळे उजव्या पानावरची आपली मराठीही नव्याने कळू लागली आहे.